टायरांची अकालीं झीज व तिचीं कारणें

एखाद्या मनुष्याची जुनी वहाण हातीं घेऊन तिचा तळ पाहिला, तर तो मनुष्य कसा चालतो हें त्यास न पाहतांहि सांगतां येतें. टांच बाहेरच्या बाजूस झिजली असेल तर पाऊल बाहेर कलतें. अंगठ्याखालीं भोंक पडलें असेल तर भार पुढें पडतो. मोटारीच्या टायराचेंहि तसेंच आहे. रस्त्यावर त्यास जें जें सोसावें लागलें, तें सर्व त्याच्या तळावर उमटलेलें असतें. तें वाचावें कसें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरणासाठीं आपण अमेरिकेंतील भारी पिकअप ट्रक घेऊं. कारण टायर अकालीं झिजण्याचीं बहुतेक सर्व कारणें त्या एका वाहनांत एकत्र आलेलीं आढळतात.

प्रथम हें वाहन कसें असतें तें पाहूं. पुढें चालकाची बंद खोली व मागें उघडा हौदा, अशी त्याची रचना असते. फोर्ड एफ-२५० व एफ-३५०, रॅम २५०० व ३५००, शेव्हरोले सिल्व्हराडो एचडी हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें होत. शेतकरी, बांधकामाचे कंत्राटदार आणि गुरांचे वा घोड्यांचे ट्रेलर ओढणारे लोक तीं वापरतात. पुढच्या आंसावर सुमारें ५०० किलोग्रॅम वजनाचें डीझेल एंजिन बसलेलें असतें. आणि त्याची चाक फिरविण्याची शक्ति इतकी वाढत गेली आहे कीं, २०१९ च्या रॅममध्यें तिनें १,००० पौंड-फुटांचा आंकडा गांठला. असें हें वाहन आज हौदा भरून व मागें ट्रेलर जोडून धांवतें, तर पुढचे चार दिवस रिकामेंच हिंडतें. पुढें सदैव जड, मागें कधीं भरलेलें तर कधीं रितें, हाच त्याच्या टायरांच्या दुखण्याचा उगम होय. ज्या टायरांबद्दल सुमारें ८०,००० किलोमीटरांची हमी मिळालेली असते, तेच टायर निम्मी वाटहि न चालतां गुळगुळीत झाल्याचें गाऱ्हाणें अशा वाहनांच्या मालकांकडून वारंवार ऐकूं येतें.

आतां झिजतें तें काय व किती, हें पाहूं. अशा वाहनाच्या नव्या टायरावरील खांचा सुमारें १२ मिलिमीटर खोल असतात. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत १.६ मिलिमीटरांपेक्षां कमी खोलीच्या खांचांनीं गाडी चालविणें कायद्यास मान्य नाहीं. म्हणजे मालकाजवळ खर्चावयास अवघें १० मिलिमीटरांचें भांडवल असतें. तें समप्रमाणांत खर्च झालें तर टायर पूर्ण आयुष्य भोगतो; परंतु एकाच कडेनें खर्च झालें, तर उरलेली तीन बाजूंची नक्षी शाबूत असूनहि टायर टाकून द्यावा लागतो. खोली मोजण्याची तेथील लोकांची एक साधी युक्ति आहे. एक सेंटाच्या नाण्यावर अब्राहाम लिंकनचें चित्र असतें. तें नाणें डोकें खालीं करून खांचेंत धरावें. डोक्याचा माथा पूर्ण दिसूं लागला, तर टायराचें आयुष्य संपलें असें समजावें.

झिजेचें पहिलें व सर्वांत सामान्य कारण म्हणजे हवेचा चुकीचा दाब. गाडीचें ओझें मुख्यतः रबर तोलीत नसून आंतील हवा तोलीत असते. एका मागच्या चाकावर १,४०० किलोग्रॅम भार आहे व टायरांत ८० पौंड हवा आहे, असें धरूं. दर चौरस इंचास ८० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ५.६ किलोग्रॅम. भारास दाबानें भागिलें असतां २५० चौरस सेंटिमीटर येतात. स्थूल मानानें टायराचा इतकाच भाग जमिनीस टेकलेला असतो. म्हणजे आपल्या टपालखात्याचीं दोन पोस्टकार्डें शेजारीं शेजारीं ठेवावीं एवढाच! हवा निम्म्यावर, म्हणजे ४० पौंडांवर आली, तर हें क्षेत्र दुप्पट होऊं पाहतें. टायर बसतो, मधला भाग आंत चेपतो व भार दोन्ही कडांवर पडतो. म्हणून दोन्ही कडा झिजलेल्या व मध्य शाबूत दिसला, तर हवा कमी होती असें जाणावें.

याच्या उलट प्रकार रिकाम्या गाडीचा. हौदा रिकामा असतां त्याच चाकावर ७०० किलोग्रॅमच भार उरतो. हवा मात्र भरल्या गाडीसाठीं घातलेली ८० पौंडांचीच असते. भागाकार केल्यास १२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकच पोस्टकार्ड! टायर फुगून मधोमध गोल होतो आणि त्या अरुंद पट्ट्यावर सर्व भार व एंजिनाचा सर्व जोर येतो. मधली नक्षी झिजून कडा तशाच राहतात. भारी पिकअपच्या मागच्या टायरांचें हें नेहमींचें दुखणें आहे. "अति तेथें माती" ही म्हण हवेसहि लागू पडते. तथापि अंदाजानें हवा सोडून देणें हा त्यावर उपाय नव्हे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर योग्य दाबाची पट्टी लावलेली असते. कांहीं गाड्यांच्या पुस्तिकेंत हलक्या ओझ्यासाठीं निराळा दाबहि दिलेला असतो. तसेंच टायर करणारे कारखाने कोणत्या भारास किती दाब हवा याचीं कोष्टकें प्रसिद्ध करतात. भार ठाऊक करून घ्यावा व कोष्टक पाहून हवा भरावी, हा शास्त्रशुद्ध मार्ग होय.

हवा केव्हां मोजावी, यासहि महत्त्व आहे. बंद जागेंतील वायूचा दाब उष्णतेबरोबर वाढतो, हा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. सकाळीं २७ अंश तपमानास टायरांत ८० पौंड हवा होती. वातावरणाचा दाब मिळविल्यास हा एकंदर दाब सुमारें ९५ पौंड होतो. धांवून टायर ५७ अंशांपर्यंत तापला, म्हणजे निरपेक्ष तपमान ३०० वरून ३३० झालें. दाबहि त्याच प्रमाणांत वाढून सुमारें १०४ पौंड होतो व मापकावर ९० च्या आसपास कांटा दिसतो. हें पाहून जो चालक घाईनें हवा काढतो, त्याचा टायर दुसऱ्या सकाळीं थंड झाल्यावर कमी हवेचा ठरतो. यास्तव गाडी कांहीं तास उभी राहिल्यावर, टायर थंड असतांनाच हवा मोजावी.

दुसरें कारण म्हणजे चाकांची दिशा चुकणें. पुढचीं दोन चाकें वरून पाहिलीं असतां जवळजवळ समांतर दिसावयास हवींत. तीं पुढील कडेस योग्य मापापेक्षां अधिक आंत वा बाहेर वळलीं, तर प्रत्येक चाक गाडीच्या वाटेशीं कोन करून चालूं लागतें. हा दोष डोळ्यांस दिसत नाहीं, पण गणितास दिसतो. चाकाचा व्यास ८०० मिलिमीटर आहे व तें २ मिलिमीटरांनीं तिरपें झालें आहे, असें माना. हें प्रमाण ४०० स १ असें पडलें. म्हणजे १,००० मीटर चालतांना तें चाक २.५ मीटर आडवें घासलें जातें आणि १०,००० किलोमीटरांच्या प्रवासांत हा हिशोब २५ किलोमीटरांवर जातो! सरळ चालून झिजावयाचें रबर आडवें घासून संपतें. ही झीज हातानें ओळखतां येते. गाडी उभी असतां टायराच्या तळावरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेनें हात सुरळीत सरकला व उलट दिशेनें करवतीच्या दांत्यांसारख्या धारा लागल्या, तर चाकांची दिशा तपासून घ्यावी. याशिवाय चाक उभ्या रेषेपासून कललें असेल, तर टायराची एकच कड झिजते.

दिशा चुकते ती कशानें? भारी पिकअपांपैकीं फोर्ड व रॅम यांच्या चारहि चाकांस शक्ति देणाऱ्या गाड्यांत पुढचा आंस अखंड असतो. जड एंजिनाखालीं त्या आंसाचे बॉल जॉइंट व सुकाणूचे सांधे कालांतरानें सैल होतात. हिंवाळ्यांत बर्फ सारण्याचा फाळ पुढें जोडला म्हणजे भार आणखी वाढतो. कित्येक हौशी मालक गाडी उंच करवितात व मोठे टायर घालतात. त्यानंतर चाकांची दिशा पुन्हां बसवून घेतली नाहीं, तर नवे टायरहि थोड्याच महिन्यांत जातात. सांधे सैल असतां नुसती दिशा नीट करणें व्यर्थ होय. आधीं सांधा, मग दिशा, हाच क्रम योग्य.

तिसरा प्रकार म्हणजे टायरावर ठिकठिकाणीं पडणारे खळगे. शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला किंवा चाकाचें वजन सर्व बाजूंनीं सारखें नसलें, म्हणजे चाक रस्त्यावर उड्या मारीत चालतें. जेथें तें आपटतें तेथें रबर अधिक झिजतें. गाडींत बसणाऱ्यास याची सूचना घरघर आवाजानें मिळते.

चौथें कारण ज्या गाड्यांस मागें एकेका बाजूस दोन दोन चाकें असतात त्यांनाच लागू आहे. हीं जोडचाकें एकत्र बोल्टांनीं बांधलेलीं असल्यामुळें त्यांच्या फेऱ्या सारख्याच होतात. आतां त्यांपैकीं एकाचा टायर नवा, ८०० मिलिमीटर व्यासाचा, व दुसरा झिजून ७९४ मिलिमीटरांचा असेल, तर एका किलोमीटरांत दोघांच्या चालींत सुमारें ७.५ मीटरांचा फरक पडूं पाहतो. तो फरक घासल्यानेंच भरून निघतो. शिवाय मोठा टायर अधिक भार उचलतो. म्हणून जोडींत सारख्याच मापाचे टायर घालावे. आणि आंतल्या, दृष्टीआड असलेल्या टायराची हवा आधीं पाहावी.

चारहि चाकांचें काम सारखें नसतें. पुढचीं वळवितात, मागचीं ढकलतात. म्हणून त्यांच्या झिजेची तऱ्हाहि निराळी असते. याकरितां सुमारें ८,००० ते १२,००० किलोमीटरांनीं टायरांच्या जागा पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें बदलाव्या. जागा बदलल्यानें मूळ दोष मात्र जात नाहीं; तो केवळ चौघांत वांटला जातो, हें विसरूं नये.

ही सर्व बाब पैशापुरतीच असती, तर मालकानें आपला तोटा सोसला असता, इतकेंच. परंतु खांचा झिजलेला टायर ओल्या रस्त्यावर पाणी बाजूस सारूं शकत नाहीं व गाडी पाण्याच्या थरावर घसरते; आणि कमी हवेचा टायर दर फेऱ्यास लवून इतका तापतो कीं, त्याचे थर एकमेकांपासून सुटूं लागतात. २००० सालच्या ऑगस्टांत अमेरिकेंत फायरस्टोन कंपनीस सुमारें ६५ लक्ष टायर परत मागवावे लागले. त्यांचा तळ चालत्या गाडींत सोलून निघत असे व त्या अपघातांत २५० हून अधिक माणसें दगावलीं. सरकारी तपासांत टायरांच्या बांधणींतील दोष दाखविण्यांत आला. कमी हवा व उष्णता यांनीं असे दोष अधिकच बळावतात. त्याच वर्षीं तेथें नवा कायदा झाला व पुढें नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याची सूचना देणारें यंत्र सक्तीचें झालें. तथापि ही सक्ति ४,५३६ किलोग्रॅमपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाड्यांपुरती आहे. जोडचाकांच्या गाड्या तींतून वगळल्या आहेत. म्हणजे ज्या गाड्या सर्वांत अधिक ओझें नेतात, त्यांतील कित्येकांचा भरंवसा मालकाच्या दक्षतेवरच राहतो.

आपल्याकडेहि पिकअप हें नांव आतां खेड्यापाड्यांतून रूढ आहे. आपलीं वाहनें त्या अमेरिकन ट्रकांहून पुष्कळ लहान. परंतु लासलगांवच्या बाजारास कांदा भरून जाणारें व रिकामें परतणारें वाहन त्याच नियमांनीं बांधलेलें आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा भाग २०२२ च्या डिसेंबरांत खुला झाल्यावर टायर फुटून अपघात झाले, आणि २०२३ मध्यें परिवहन खात्यास महामार्गाच्या प्रवेशाशींच टायर तपासण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. ज्या पालकांची उपजीविका अशा वाहनावर आहे, त्यांस तपासणीदाराची वाट पाहण्याचें कारण नाहीं. महिन्यांतून एकदां, सकाळीं, थंड टायरांची हवा मोजावी. प्रत्येक टायराच्या दोन्ही कडा व मध्य अशा तीन ठिकाणीं खोली मोजून वहींत लिहावी. तळावरून हात फिरवावा. आणि तिन्ही आंकड्यांत फरक दिसतांच कारण शोधावें. अर्ध्या तासाचें काम, आणि तें घरांतील शाळकरी मुलगा वा मुलगी सहज करूं शकेल.

दुखणें हत्तीच्या पावलानें येतें, असें आपण म्हणतों. टायराचें दुखणें मात्र मुंगीच्या पावलानें येतें, दररोज केसाएवढें. आणि म्हणूनच तें वेळींच ओळखण्यास पुरेसा अवकाशहि देतें. तो अवकाश जो व्यर्थ दवडीत नाहीं, त्याचे पैसे वांचतात व प्रसंगीं माणसांचे प्राणहि.