महामारीतील परीक्षा आणि साहित्याचे मूल्यमापन

कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील महाविद्यालये बंद झाली. त्यानंतर उच्च शिक्षणाविषयी झालेली चर्चा प्रामुख्याने साधनांभोवती फिरत राहिली. मोबाइल कोणाकडे आहे, इंटरनेट कोठे पोहोचते, हे प्रश्न महत्त्वाचे होतेच; परंतु मराठी साहित्याच्या अध्यापनापुढे उभा राहिलेला मूलभूत प्रश्न मूल्यमापनाचा होता. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. परीक्षा नकोत, अशी महाराष्ट्र शासनाची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी, राज्यांना मुदतवाढ मागता येईल, मात्र परीक्षेवाचून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, असा निर्णय दिला. परिणामी मुंबई व पुणे येथील विद्यापीठांसह अनेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा झाल्या. आपत्कालीन सोय म्हणून त्या समर्थनीय ठरतात. तथापि साहित्यासारख्या विषयात या पद्धतीने नेमके काय मोजले गेले, हे तपासणे आवश्यक आहे.

उदाहरणादाखल भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी घेता येईल. ती १९६३ साली प्रकाशित झाली, तिच्या नायकाचे नाव पांडुरंग सांगवीकर, ही माहिती चार पर्यायांतून अचूक निवडता येते. त्यासाठी कादंबरी वाचावी लागत नाही. परंतु पुण्याला शिकावयास गेलेल्या पांडुरंगाचे गावी परतणे हा पराभव मानावा की त्या शिक्षणाविषयीचा अभिप्राय, या प्रश्नास तयार पर्याय नसतो. तेथे विद्यार्थ्याला निवेदनातील उपरोध ओळखावा लागतो, संहितेतील आधार द्यावा लागतो आणि विरोधी मताचाही विचार करावा लागतो. साहित्याच्या अभ्यासातून अपेक्षित असलेली क्षमता ती हीच होय.

येथे एक आक्षेप संभवतो. साथीपूर्वीची दीर्घोत्तरी परीक्षा तरी ही क्षमता तपासत होती काय? मार्गदर्शके, संभाव्य प्रश्नांच्या याद्या आणि पाठ केलेल्या टिपणांवर ती मोठ्या प्रमाणात निभावत होती, हे अमान्य करता येणार नाही. म्हणून जुन्या पद्धतीकडे केवळ परतणे हे उत्तर ठरत नाही. माहितीलाच ज्ञान समजण्याची जी सवय दीर्घोत्तरांच्या विस्तारात झाकली जात होती, ती बहुपर्यायी प्रश्नांनी उघडी पाडली, इतकेच.

पर्यायांचा विचार करताना दूरशिक्षणाचा अनुभव उपयुक्त ठरतो. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. एकट्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वेगळी पाठ्यसामग्री लिहावी लागते, हे भान या परंपरेत आहे. वर्गातील व्याख्यान पडद्यावर दाखविणे म्हणजे दूरशिक्षण नव्हे. मूल्यमापनातही पुस्तक जवळ ठेवून लिहावयाचे उत्तर, सत्रभर राखलेली वाचनवही आणि त्या वहीवर आधारित मौखिक परीक्षा असे मार्ग उपलब्ध आहेत. लोकसाहित्य व बोली यांच्या अभ्यासात तर घरी परतलेला विद्यार्थी क्षेत्राच्या अधिक जवळ असतो. आपल्या परिसरातील ओव्या, म्हणी, शब्द यांचे संकलन व विवेचन त्याच्याकडून करून घेता येते.

अर्थात, या सर्व पद्धतींना अध्यापकाचा वेळ लागतो. वाचनवही तपासणे हे यंत्राचे काम नव्हे, आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकास मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. त्याने वहीवर लिहिलेल्या अभिप्रायाला त्या हिशेबात स्थान नसते. त्यामुळे उच्च शिक्षणाची पुनर्रचना करताना अध्यापकांची पदे भरणे आणि तपासणीचा वेळ कार्यभारात धरणे, या दोन बाबी संगणकीय सुविधांच्या आधी विचारात घ्याव्या लागतील. अन्यथा पुढील आपत्तीतही साहित्याच्या विद्यार्थ्यापुढे चार पर्यायच ठेवले जातील.