निवड झाली नाही त्या दिवशी

हिमायतनगरच्या आणि आसपासच्या गावांतल्या माय-बापांनो,

मी गाणं शिकवते म्हणून तुमच्यापैकी बरेच जण माझ्याकडे येता. बोलणं बहुतेक एकाच वळणावर येतं. "मॅडम, हिला जरा समजावून सांगा. रात्र-रात्र त्या कोरियाच्या मालिका बघत बसते. आधी म्हणायची गायिका होणार, आता म्हणते गाणार पण आन् ॲक्टिंग पण करणार. कसं करावं?" तुम्ही रागानं कमी आणि काळजीनं जास्त येता, हे मला दिसतं. पोरगी दहावीला, कापसाच्या भावाचा भरवसा नाही, मोठ्याच्या शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचंय, आणि ही कानात हेडफोन घालून परक्या मुलखातली गाणी पाठ करतेय. काळजी खरी आहे. म्हणूनच आज पोरीला समजावण्याआधी तुमच्याशी बोलायचं आहे.

पहिली गोष्ट, ती काय बघते ते एकदा तिच्या शेजारी बसून बघा. तिच्या खोलीच्या भिंतीवर किंवा वहीच्या कव्हरवर जी हसरी, बारीक चणीची बाई आहे, तिची गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक झाली तर तुम्ही तिला नावं ठेवणार नाही, असं मला वाटतं.

तिचं नाव ली जी-उन. गाते ती 'आययू' या नावानं. १९९३चा जन्म, सेऊल शहरातला. शाळेत असताना आई कुणा नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिली. कर्ज बुडालं आणि घर उघड्यावर आलं. जामीन राहणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आई-बाप एकीकडे, ही आणि धाकटा भाऊ आजीकडे. थंडीनं गारठलेली एक खोली, आणि त्या खोलीत झुरळं. मोठी झाल्यावर तिनं हे सगळं टीव्हीवर उघडपणे सांगितलं आहे, लपवलेलं नाही. त्याच दिवसांत ती गाण्याच्या चाचण्यांना जात होती. सुमारे वीस ठिकाणी तिला नाकारलं. मध्ये 'तुला गायिका करतो' म्हणणारी खोटी माणसंही भेटली आणि पैसे घेऊन पसार झाली.

२००८च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिचं पहिलं ध्वनिमुद्रण निघालं. ते फारसं चाललं नाही. नाव झालं ते २०१०च्या डिसेंबरात, 'गुड डे' या गाण्यानं. लगेच २०११च्या जानेवारीत 'ड्रीम हाय' मालिकेत तिला भूमिका मिळाली. तुमच्या मुलीला इथपर्यंतची गोष्ट तोंडपाठ असते, कारण ती गोड आहे. त्यानंतरची गोष्ट तिला तुम्ही विचारा. २०१३मध्ये पन्नास भागांच्या मालिकेची ती नायिका झाली. २०१६मध्ये एका ऐतिहासिक मालिकेत काम केलं, तेव्हा 'हिला अभिनय जमत नाही' असं लोकांनी तोंडावर म्हटलं. लाखो लोक जिची गाणी ऐकत होते, तिला म्हटलं! तिनं गाणं सोडलं नाही आणि अभिनयही सोडला नाही. २०१८मध्ये 'माय मिस्टर' आली. त्यात ती कर्जानं पिचलेली, मुक्या-बहिऱ्या आजीला सांभाळणारी, कुणाशी धड न बोलणारी एकवीस वर्षांची मुलगी झाली आहे. या भूमिकेनंतर तिच्या अभिनयावर बोलणाऱ्यांचा सूर बदलला. २०२२मध्ये हिरोकाझु कोरे-एदा या जपानी दिग्दर्शकाचा 'ब्रोकर' हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला, त्यात ती होती. २०२५मध्ये 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स' या मालिकेत ती जेजू बेटावरच्या एका गरीब घरातली आईही झाली आणि तिची मुलगीही झाली. कविता लिहायचं स्वप्न पाहणारी आणि ते संसारात मुरवून टाकणारी आई. ताई, ही मालिका मुलीबरोबर तुम्ही जरूर बघा. भाषा कळली नाही तर तीच सांगेल. तुमच्याच घरातलं कितीतरी त्यात सापडेल.

पहिल्या भूमिकेपासून 'माय मिस्टर'पर्यंत सात वर्षं गेली. आपल्या शेतात सोयाबीन शंभर दिवसांत हाती येतं आणि हळदीला नऊ महिने जमिनीत ठेवावं लागतं. लेकीचं गाणं हळदीच्या जातीचं आहे, आणि आपण ते सोयाबीनच्या हिशोबानं मोजतो.

कोरिया लांब वाटत असेल तर जवळचं सांगते. २००८-०९च्या हिवाळ्यात झी मराठीवरचं 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' आठवतं का? पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायच्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. शेवटच्या फेरीत पाच लेकरं होती. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि आपल्या लातूरचा रोहित राऊत. जिंकली कार्तिकी.

जी जिंकली नाहीत, त्यांचं पुढं काय झालं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. आर्याची आजी गाणारी, आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका आणि तीच पहिली गुरू. स्पर्धेनंतर महाराष्ट्रभर ओळखीची झालेली ही मुलगी शिकत राहिली, गात राहिली. सिनेमात नायिका म्हणून दिसली ती २०१७च्या जानेवारीत, सतीश राजवाडे यांच्या 'ती सध्या काय करते'मध्ये. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. स्पर्धा आणि सिनेमा यांच्या मध्ये आठ वर्षं आहेत. केतकी माटेगावकरच्या घरीही आई सुवर्णा माटेगावकर गायिका. केतकी गात गात अभिनयाकडे आली. २०१२मध्ये 'शाळा', २०१४मध्ये 'टाइमपास'. दोन्ही घरांत मुलीचं गाणं घरातल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली वाढलं. तुमच्या घरात गाणारं कुणी नसेल, नसू द्या. ऐकणारं माणूस असलं तरी पुष्कळ होतं.

आणि रोहित. लहानपणी जिंकला नव्हता. दहा-अकरा वर्षांनी पुन्हा देशाच्या मंचावर उभा राहिला, 'इंडियन आयडल'च्या अकराव्या पर्वात, आणि २०२०च्या फेब्रुवारीत दुसरा आला. लातूरच्या पोरानं हे केलं. एकदा हुकलेल्या मुलाला पुन्हा उभं राहावंसं वाटतं, त्यामागं त्याची जिद्द असतेच. पण पहिल्यांदा हुकलं तेव्हा त्याच्या अवतीभवतीच्या माणसांनी त्याला काय म्हटलं असेल, तेही असतं, असं मी मानते.

आता एक अवघड गोष्ट. तुमच्यातले काही जण दुसऱ्या टोकाला असतात. पोरीचा आवाज चांगला निघाला, यूट्यूबवर दोन-चार हजार लोकांनी ऐकला, की सगळ्या घराची आशा तिच्या गळ्यात अडकवतात. लता मंगेशकरांचं आयुष्य याच जागी थांबून वाचावं. १९४२च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा लताबाई अवघ्या बारा वर्षांच्या. पाठीवर चार भावंडं. त्याच वर्षी त्यांनी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात काम केलं, पुढं 'माझं बाळ', 'गजाभाऊ'. अभिनय त्यांना मनापासून आवडत नव्हता, तोंडाला रंग लावणं आणि दिव्यांपुढं उभं राहणं नकोसं वाटायचं, असं त्यांनी नंतर स्वतः सांगितलं आहे. घरात चूल पेटायला हवी म्हणून त्या उभ्या राहिल्या, आणि गाण्यावर पोट भरू लागल्यावर अभिनय मागं टाकला. त्या लता होत्या म्हणून निभावलं. आपल्या लेकीवर ती पाळी आपण होऊन आणू नये. घरखर्च, कर्ज, बहिणीचं लग्न यांचा हिशोब तिच्या गाण्यापासून दूर ठेवा.

कायदाही हेच सांगतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला मालिकेत किंवा सिनेमात काम करू देता येतं, पण निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम चालत नाही, शाळा तुटता कामा नये. कमाईतला निदान २० टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचा, तो सज्ञान झाल्यावर त्याच्याच हाती. २०१७च्या नियमांत हे लिहिलेलं आहे. कोरियातसुद्धा अल्पवयीन कलाकारांच्या कामाच्या तासांवर २०१४पासून कायद्यानं बंधन आहे. तेरा-तेरा वर्षांचे करार लादले जात म्हणून तिथल्या एका गटातले कलाकार कोर्टात गेले, आणि सात वर्षांची मर्यादा असलेला नमुना करारही आला. तुमच्यापुढं असा कागद कुणी ठेवला तर नांदेडच्या ओळखीच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि चाचणीच्या आधी नोंदणी शुल्क, फोटोंचा खर्च, 'प्रशिक्षणा'चे पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. खरं काम देणारा पैसे देतो, मागत नाही. मुलीला एकटीला बोलावणाऱ्याकडे तर पाठवूच नका. आययूला फसवणारे सेऊलमध्ये होते; तसे आपल्याकडे मोबाइलवर येतात.

मोबाइलवरून आठवलं. तुमची मुलगी जेवण कमी करत असेल, पावडर-क्रीमवर पैसे घालत असेल, तर तिच्याशी हळू आवाजात बोला. त्या कोरियन मुलींच्या गोऱ्या कातडीची आणि बारीक कमरेची तिला भूल पडते. त्या तशा दिसण्यासाठी किती उपाशी राहतात, हे तिला कुणी सांगत नाही. 'आपली सावळीच, हिला कोण घेणार' हे वाक्य घरात थट्टेतही नको. तिनं टाकलेल्या गाण्याखाली कुणी घाण लिहिलं, तर ते तुम्हाला दाखवायची तिला भीती वाटता कामा नये. 'मोबाइलच काढून घेतो' म्हणालात की ती पुढच्या वेळी सांगणार नाही. सुली नावाची कोरियन गायिका-अभिनेत्री २०१९मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेली. लोकांनी तिच्यावर वर्षानुवर्षं वाटेल ते लिहिलं होतं. हे लिहिताना माझा हात थरथरतो, पण तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

इथं राहून काय करता येईल, हे तुम्ही विचाराल. पुष्कळ. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत देता येतात, आणि शास्त्रीय गायनाच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, त्याचा नियम शाळेत विचारून घ्या. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, तिथं नाटक आणि संगीत रीतसर शिकता येतं. कॉलेजात गेली की युवक महोत्सव आहेत. शास्त्रीय गायक पं. नाथराव नेरळकर नांदेडचेच. आपल्या मातीत गळा तयार होतो, याला आणखी पुरावा कशाला? आणि महाशिवरात्रीला परमेश्वर मंदिराच्या यात्रेत, सप्ताहात, गणपतीत तिला गाऊ द्या. समोर गावातली माणसं बसलेली असताना सूर सांभाळणं ही मोठी शाळा आहे. अभिनय करायचाय म्हणते ना? तिला भारूड करू द्या. गाणं, बोलणं, सोंग आणि लोकांना हसवता हसवता गप्प करणं, सगळं एकाच वेळी करावं लागतं त्यात.

मग कधीतरी चाचणीचा दिवस येईल. पुण्याला किंवा मुंबईला. गाडीचं परतीचं तिकीट आधी काढा. बरोबर आईनं किंवा बापानं जावं, मामाच्या मित्रावर सोपवू नये. बारावीची परीक्षा जवळ असेल तर ती चाचणी सोडून द्या, पुढची येते. चाचणी संपल्यावर तिला आधी जेवू घाला, निकालाचं नंतर.

बहुधा निवड होणार नाही. आययूची वीस वेळा झाली नव्हती. त्या संध्याकाळी गाडीत किंवा घरी आल्यावर तुम्ही जे पहिलं वाक्य बोलाल, ते मला महत्त्वाचं वाटतं. 'बघ, मी म्हणत नव्हतो?' हे नको. 'जाऊ दे, आता अभ्यासाला लाग' हेही त्या दिवशी नको, दोन दिवसांनी म्हणा. शेजारचे विचारतील तेव्हा तिच्यादेखत हसू नका. काय गायलीस, कुठं अडलं, परीक्षक काय म्हणाले, एवढं विचारा, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. रडली तर रडू द्या. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला तिला रियाजाला बसवा. तिला बसायचं नसेल तर आठवडाभर सोडून द्या आणि मग मला फोन करा. मी घरी येईन.