डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध?

डोळे तपासताना मी विचारतो, "पूर्वी काही ऑपरेशन?" बऱ्याच भगिनी नाही म्हणून मान हलवतात. मग सोबतची सून हळूच सांगते, "छातीचं झालंय, सहा वर्षांपूर्वी. पण त्याचा डोळ्याशी काय संबंध?"

संबंध आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीतून सुटून रक्तावाटे दूर जाऊ शकतात, तेही ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी. हाडे, फुप्फुसे, यकृत ही त्यांची नेहमीची ठिकाणे; डोळा क्वचित. डोळ्यात शिरल्याच, तर बहुधा पडद्यामागच्या 'कोरॉइड' नावाच्या थरात त्या रुजतात, कारण भरपूर रक्त तिथेच खेळते. गाठीभोवती पाणी साठून पडदा उचलला जातो. नजर अंधूक होते, सरळ रेष वाकडी दिसते, विजेसारखे चमकते, काळे ठिपके तरंगतात. दुखत मात्र सहसा नाही, आणि घात होतो तो इथेच. घरचे म्हणतात, मोतीबिंदू असेल, पिकू दे!

पेशी डोळ्याच्या खोबणीत गेल्या तर डोळा पुढे येतो, पापणी पडते, एकाचे दोन दिसतात. काही स्त्रियांत मात्र उलटेच घडते; गाठ आजूबाजूचा भाग आक्रसून घेते आणि डोळा आत ओढला जातो. पापणीवर गाठ आली तर रांजणवाडी समजून शेकत बसतात.

अर्थात ऑपरेशन झालेल्या प्रत्येकीचा अंधूकपणा कर्करोगाचाच, असे मुळीच नाही. पण तिने नुसता चष्म्याचा नंबर काढून घरी जाऊ नये. थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा पाहावा लागतो. गरज पडल्यास डोळ्याची सोनोग्राफी. तक्रार एकाच डोळ्याची असली तरी दोन्ही तपासावेत. शंका खरी ठरली तर मेंदूचा आणि इतर शरीराचाही स्कॅन करतात.

पुढचे काम कर्करोगतज्ज्ञांचे. हार्मोनच्या गोळ्या, केमोथेरपी, किंवा डोळ्याला दोन ते चार आठवडे किरणोपचार, ज्याला आपल्याकडे 'लाइट घेणे' म्हणतात. रोग समूळ जाईल असे आश्वासन मी देणार नाही, कारण तो पसरलेला असतो. नजर मात्र वेळेवर आल्यास अनेकींची टिकते, काहींची सुधारते. स्वतःचे स्वतः चालता-फिरता येणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

येताना जुनी फाईल आणा. गाठीच्या तपासणीत हार्मोनचा रिपोर्ट असतो; कोणत्या गोळ्या चालतील हे ठरवताना तो लागतो. सध्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पट्टीही आणा.