सरळ केलेली नदी

आम्हा सिव्हिलवाल्यांना एक वाईट सवय लागते. नकाशावर वाकडीतिकडी नदी दिसली की हात आपोआप पट्टीकडे जातो! अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हे खरोखर घडलं.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स हा पाणथळ प्रदेश आहे. किसिमी नदी ओकीचोबी या प्रचंड पण उथळ तलावाला मिळते. पूर्वी तलाव भरला की पाणी काठावरून दक्षिणेकडे, समुद्रापर्यंत पसरत जायचं. उतार किलोमीटरला जेमतेम ३ सेंटिमीटर. त्यामुळे मैलोन्‌मैल रुंद, उथळ पाणी गवतातून हळूहळू सरकायचं. मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी १९४७ साली आपल्या पुस्तकात याला 'गवताची नदी' म्हटलं.

मग यात हात का घातला? कारण १९२८ च्या चक्रीवादळात तलावाचं पाणी बाहेर फुटलं आणि दोन हजारांहून जास्त माणसं बुडाली. म्हणून बांध, कालवे, पंप आले. तेव्हाच्या इंजिनिअर्सना नुसत्या शिव्या देणं बरोबर नाही.

१९६२ ते १९७१ मध्ये १६६ किलोमीटरची वळणदार किसिमी ९० किलोमीटरचा सरळ कालवा झाली. पूर आवरला, पण काठची पाणथळ जमीन सुकली, पाणपक्षी गेले. तलावाच्या दक्षिणेला ऊस आला. त्याच्या खतातला फॉस्फरस पाण्यात उतरला आणि मूळच्या गवताच्या जागी पाणकणीस माजलं. सुकलेली काळी माती तर हवेने अक्षरशः झिजते. बेल ग्लेड इथे १९२४ साली जमिनीच्या पातळीपर्यंत रोवलेला खांब आज सहा फूट उघडा पडलाय! मूळ एव्हरग्लेड्सपैकी निम्मा भाग गेला. मायामी शहर पितं ते भूजलही इथूनच भरतं. गोडं पाणी कमी झालं की जमिनीखालून समुद्राचं खारं पाणी आत शिरतं.

शेवटी १९९९ ते २०२१ मध्ये त्याच कालव्याचा सुमारे ३५ किलोमीटर भाग बुजवून नदीला तिची वळणं परत दिली. तिथे पाणपक्षी परत आले. पण बुजवण्याचा खर्च खोदण्याच्या कितीतरी पट झाला.

हायड्रॉलिक्सच्या पेपरात आपण 'सर्वात किफायतशीर छेद' काढतो. मीही काढतो, मार्कही मिळतात. पण त्या गणितात ना पक्षी असतो, ना माती, ना पन्नास वर्षांनी विहिरीत येणारं मीठ. सरांना विनंती, हाही प्रश्न एकदा पेपरात येऊ द्या. फक्त ऑप्शनला टाकू नका!