दहापैकी आठ गुण, पण कशाचे?

प्रश्न : खेळाडूंची जुनी कार्डं ग्रेडिंग करून घेतली की फसवणुकीची भीती संपते का?

उत्तर : संपत नाही. होनस वॅग्नर या अमेरिकी बेसबॉलपटूचं १९०९ च्या सुमाराचं एक कार्ड पीएसए या ग्रेडिंग करणाऱ्या संस्थेने १९९१ मध्ये तपासलं, दहापैकी आठ गुण दिले आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलं. पुढे २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केलं, की त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. कड कापली की झिजलेला कोपरा पुन्हा टोकदार दिसतो, आणि नुसत्या नजरेला तो नवाच वाटतो. म्हणून एकटा आकडा पुरेसा नाही. मोजलेली लांबी-रुंदी, चारही कोपऱ्यांची मोठी छायाचित्रं आणि गुण का कमी झाले याची कारणं ग्राहकाला मिळायलाच हवीत. कुणी म्हणेल, त्या काळी कार्डं मुळातच कमी-जास्त आकाराची कापली जात, मग मापाचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे. म्हणूनच मापाला निकाल न मानता पुरावा मानावं, आणि कडेचा ताजेपणा भिंगाखाली पाहून त्याच्याशी ताडावा. प्लॅस्टिकच्या डबीवरही फार विसंबू नका. ती कार्डाला वाकण्यापासून आणि बोटांच्या तेलकटपणापासून वाचवते, पण उन्हाने उडणारा रंग पूर्णपणे थांबवत नाही. कार्ड भिंतीवर टांगण्यापेक्षा कोरड्या, बंद कपाटात ठेवा.