टिटवीचा ओरडा

वाचन : अनुवाद १८:१०–१२ व २२:६, ७, मत्तय १०:२९–३१.

गेल्या उन्हाळ्यात एका खेड्यात आजारी बंधूच्या घरी आम्ही रात्री प्रार्थना चालवीत असता शेजारच्या पडीत शेतातून टिटवीचा कर्कश ओरडा ऐकू आला. त्यासरशी घरातील वृद्ध माता दचकली, व बसलेल्या कित्येकांच्या मुद्रा उतरल्या. कोणी काही बोलले नाही. परंतु टिटवी रात्री ओरडली म्हणजे घरातून माणूस जातो, ही जुनी समजूत बाप्तिस्मा घेतल्यावरही आपल्या मंडळ्यांतून पुरती गेलेली नाही, हे आम्हांस तेव्हा दिसून आले. म्हणून हा पक्षी कोणता व तो का ओरडतो, ह्याचा आज विचार करू.

टिटवी ही पाणथळ जागी व पाण्याच्या काठाने चालणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांच्या वर्गातील आहे. ती आकाराने तितराएवढी, पण पायांनी उंच असते. डोके, गळा व छाती काळी, पाठ तपकिरी, पोट पांढरे, आणि डोळ्यामागून मानेच्या दोन्ही बाजूंनी पोटापर्यंत उतरलेला पांढरा पट्टा असतो. चोच तांबडी व टोकाशी काळी, पाय पिवळे. डोळ्यापुढील तांबडी मांसल झालर ही तिची मुख्य खूण होय. कोरड्या माळावर दुसरी एक टिटवी आढळते. तिची झालर पिवळी असते. तांबड्या झालरीच्या टिटवीच्या पायाचे मागील बोट फार लहान असते, त्यामुळे तिला फांदी धरून बसता येत नाही. तिचा संसार भुईवरच चालतो. चार पावले धावावे, थांबावे, आणि वाकून किडा टिपावा, अशी तिची रीत आहे. चांदण्या रात्रीही ती चरत असते.

तिचा विणीचा काळ सुमारे मार्चपासून ऑगस्टपर्यंत असतो. उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून, भोवती खडे व शेळीच्या लेंड्या मांडून, ती बहुधा ४ अंडी घालते. अंडी मातकट असून त्यांवर काळे ठिपके असतात. म्हणून जवळ जाऊनही ती दिसत नाहीत. नरमादी दोघेही सुमारे ४ आठवडे ती उबवितात. कडक उन्हात तर ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात व त्या ओलाव्याने अंडी थंड राखतात. कुत्रा, कोल्हा किंवा माणूस जवळ आला की ओरडत त्याच्या डोक्यावरून झेपा घालतात. पिले अंड्यांतून निघाल्यावर लवकरच चालू लागतात, आणि आईबापांची हाक ऐकताच जमिनीशी निश्चल दबून बसतात.

दुसरे दिवशी सकाळी आम्ही त्या मातेस शेताच्या बांधावर नेले. पुष्कळ शोधल्यावर ढेकळांमध्ये ती ४ अंडी दिसली. ती बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, “पाळकबाबा, ही तर माझ्यासारखीच आई आहे.” तिचा मुलगा पुढे बरा झाला. परंतु तो प्रभूकडे गेला असता, तरी त्या पक्ष्याकडे काही दोष नव्हता. कारण आपले दिवस टिटवीच्या कंठात नाहीत, तर स्वर्गीय पित्याच्या हाती आहेत. जो चिमणीची दखल घेतो तो आपल्या लेकरांस विसरेल काय?

पवित्र शास्त्र शकुन पाहण्यास मना करते, आणि तेच शास्त्र घरट्यावरील आईवर दया करावयास शिकविते. म्हणून भय टाकून दया धरावी. नांगरताना घरटे आढळल्यास तेवढी जागा सोडून तास काढावा. भर दुपारी घरट्यापाशी उभे राहू नये; पक्षी दूर राहिल्यास अंडी उन्हाने नासतात. मुलांस दगड मारू देऊ नये.

उपदेशक बंधूंनी विचारावयाचे प्रश्न :

१. तांबड्या झालरीची टिटवी कोणत्या खुणांनी ओळखावी?

२. ती रात्री का ओरडते?

३. आपल्या घरात अजून कोणता शकुन मानला जातो, आणि तो प्रार्थनेत देवापुढे कसा ठेवावा?