एकाच संगणकावर तीन पायथन, दोन जावा : खर्च किती आणि कशाला?

"पायथन टाकलंय, तरी प्रोग्रॅम चालत नाही." अभियांत्रिकीच्या मुलांच्या तोंडी प्रोजेक्टच्या दिवसांत हे वाक्य सारखं ऐकू येतं. त्यावर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : विंडोज फॉरमॅट मारून घे. मग दुकानात काही शे रुपये जातात, लॅपटॉप एक-दोन दिवस तिथेच पडून राहतो, आणि पंधरा दिवसांत नवं काहीतरी टाकलं की तेच दुखणं परत. या तक्रारीसाठी फॉरमॅटला एक रुपयाही देऊ नका. संगणक बिघडलेला नसतो. एकाच भाषेच्या दोन-तीन आवृत्त्या त्यावर शेजारी शेजारी असतात आणि हाक मारल्यावर नको ती 'ओ' देते, एवढंच. दुरुस्तीची सगळी साधनं फुकट आहेत. पैसे जाऊ शकतात ते वेगळ्याच ठिकाणी.

आधी 'ओ' कोण देतंय ते शोधा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'व्हेअर पायथन' टाइप करा. पॉवरशेल वापरत असाल तर 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहा, कारण तिथे नुसत्या 'व्हेअर'चा अर्थ वेगळा होतो. मॅक किंवा लिनक्सवर 'विच', मग '-ए', मग 'पायथन३'. पडद्यावर एकाखाली एक पत्ते येतील. त्यातला पहिला पत्ता जिथला, तो पायथन तुमच्या हाकेला उत्तर देतोय. बाकीचे संगणकावर आहेत, पण रांगेत मागे.

ही रांग 'पाथ' नावाच्या यादीतून ठरते, आणि विंडोजमध्ये इथे एक मेख आहे. पाथच्या याद्या दोन असतात : एक संपूर्ण संगणकाची, दुसरी तुमच्या खात्याची. विंडोज आधी संगणकाची यादी वाचतं आणि तिच्या शेवटी खात्याची जोडतं. त्यामुळे खात्याच्या यादीत नवा पायथन कितीही वर सरकवला, तरी संगणकाच्या यादीत जुना बसलेला असेल तर जिंकतो जुनाच. बदल संगणकाच्या यादीत करायला हवा, आणि केल्यावर उघडी असलेली काळी खिडकी बंद करून नवी उघडायला हवी. जुन्या खिडकीला जुनीच यादी पाठ असते. यूट्यूबवर दाखवलं तसंच्या तसं करूनही फरक पडला नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा ही दोनच कारणं असतात.

पत्त्यात 'विंडोजअ‍ॅप्स' असं दिसलं तर तो खरा पायथन असेलच असं नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये त्या नावाची शून्य बाइटची फाइल आधीपासून असते आणि ती थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप एक्झिक्यूशन अलायसेस' शोधा आणि पायथनसमोरची दोन बटणं बंद करा. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य.

आता दुसरा गैरसमज : सगळ्यात नवी आवृत्ती टाकली की सगळं चालेल. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि प्रत्येकीला साधारण ५ वर्षं सांभाळलं जातं. पण तिच्यावर उभी असलेली मोठी पॅकेजं त्याच दिवशी तयार नसतात. पायथन ३.१२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं, टेन्सरफ्लो त्यावर चालायला लागलं २.१६ या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२४ मध्ये. मधल्या ५ महिन्यांत ज्यांनी उत्साहाने नवं पायथन घेतलं त्यांना 'जुळणारी आवृत्ती सापडत नाही' असा लाल अक्षरांतला निरोप मिळत होता. त्या निरोपाचा अर्थ इंटरनेट बिघडलं किंवा टेन्सरफ्लो बंद पडलं असा नव्हता. पायथन जरा जास्तच नवं होतं. म्हणून प्रोजेक्टसाठी सर्वात ताज्या आवृत्तीपेक्षा एक-दोन पायऱ्या मागची घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. आणि जुनी काढून टाकू नका. मित्राचा प्रोजेक्ट किंवा कॉलेजच्या लॅबमधला कोड तिच्यावरच चालत असेल.

दोन्ही राहू द्यायच्या, मग भांडण कसं मिटवायचं? प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं बिऱ्हाड थाटून द्यायचं. पायथनमध्ये त्याची सोय ३.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, आतच दिलेली आहे. तिला 'व्हेन्व्ह' म्हणतात. विंडोजवर 'पीवाय' हा छोटा आदेश पायथनबरोबर मिळतो. 'पीवाय -०' लिहिलं की संगणकावरच्या सगळ्या आवृत्त्यांची यादी येते. 'पीवाय -३.११ -एम व्हेन्व्ह' आणि पुढे फोल्डरचं नाव, इतकं प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लिहिलं की ३.११ वर चालणारी स्वतंत्र जागा तयार होते. (हे सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत.) ती सुरू केली की त्या खिडकीपुरतं 'पायथन' म्हणजे तेच. हे बिऱ्हाड मात्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्याच्या आत मूळ जागेचे पत्ते पक्के लिहिलेले असतात. फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून मित्राला देण्यापेक्षा 'पिप' (पॅकेजं उतरवणारं पायथनचं साधन) वापरून 'पिप फ्रीज'ने पॅकेजांची यादी काढून द्या, तो आपल्याकडे नवं बनवेल. व्हीएस कोड वापरत असाल तर तिथेही हेच पायथन निवडा. काळ्या खिडकीत एक आणि संपादकात दुसरं, असं झालं की माणूस दिवसभर चुकीच्या जागी दोष शोधत बसतो.

पैशांची पहिली गळती इथे आहे : डेटा आणि डिस्क. पायथन स्वतः २५-३० एमबीच्या घरात उतरतं, तीन आवृत्त्या घेतल्या तरी शंभरीच्या आसपास. अ‍ॅनाकोंडा (पायथन आणि पुष्कळ पॅकेजं एकत्र देणारा संच) मात्र एकटं जवळजवळ १ जीबी उतरतं आणि डिस्कवर ५ जीबीची जागा मागतं. रोजचा दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाचा त्या दिवसाचा बहुतेक डेटा त्यातच गेला. त्याच कुळातलं मिनिकोंडा शंभर एमबीच्या आसपास आहे आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. पायटॉर्चची ग्राफिक कार्डासाठीची आवृत्ती २ जीबीच्या वर जाते. लॅपटॉपला तसं कार्डच नसेल तर साधी, साधारण तिच्या दहाव्या हिश्शाची आवृत्ती घ्या. एक दिलासा आहे : पिप एकदा उतरवलेली फाइल जपून ठेवतं, त्यामुळे दुसऱ्या प्रोजेक्टसाठी तेच पॅकेज घेताना डेटा परत खर्च होत नाही. डिस्कवर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी प्रत बसते. २०२४ मध्ये आलेलं 'यूव्ही' हे फुकट साधन तीही बचत करतं, कारण एकाच ड्राइव्हवर असेल तर ते एकच प्रत सगळ्या प्रोजेक्टांना वापरू देतं. हव्या त्या आवृत्तीचं पायथनही ते स्वतः आणतं. आज कोरी सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवेन.

दुसरी गळती परवान्यांची. विद्यार्थ्यांना आणि एकट्याने काम करणाऱ्यांना तिची चिंता नाही, पण नोकरीत असाल तर वाचाच. अ‍ॅनाकोंडाने २०२० मध्ये अटी बदलल्या. २०० पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत त्याचं नेहमीचं भांडार वापरायला पैसे भरावे लागतात, आणि मिनिकोंडासुद्धा त्याच भांडारातून माल उचलतं. 'मिनिफोर्ज' घेतलं तर काम तेच होतं आणि भांडार समाजाने चालवलेलं, विनामूल्य. डॉकर डेस्कटॉपचंही (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या पेटीत चालवणारं साधन) असंच : कंपनीत २५० पेक्षा कमी माणसं आणि वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत, या दोन्ही अटी बसल्या तरच फुकट.

सगळ्यात मोठा आकडा जावाचा आहे. ऑरॅकलने जानेवारी २०२३ पासून जावाच्या वर्गणीचा हिशेब कर्मचाऱ्यांवर लावला. जावा किती जण वापरतात हे बघितलं जात नाही. कंपनीतली सगळी माणसं मोजतात, अर्धवेळ आणि कंत्राटीसुद्धा. ९९९ माणसांपर्यंत छापील दर माणशी महिना १५ डॉलर. ५० माणसांच्या कंपनीचे वर्षाला ९,००० डॉलर झाले. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ७ लाख ६५ हजार रुपये. ऑरॅकलची प्रत्येक आवृत्ती पैसे मागते असं नाही. जावा २१ ची सुधारणा सप्टेंबर २०२६ पर्यंत कंपन्यांनाही फुकट ठेवलेली आहे, जावा १७ ची ती मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. पण ही मुदत लक्षात ठेवत बसण्याचं कारणच काय? टेमुरिन, अ‍ॅमेझॉनचं कोरेटो किंवा मायक्रोसॉफ्टचं ओपनजेडीके घ्या. मूळ स्रोत एकच, ८, ११, १७, २१ यांतली लागेल ती आवृत्ती कुठे ना कुठे मिळते, दाम शून्य.

जावाचं भांडण घरातल्या आणि छोट्या कार्यालयांतल्या संगणकावर वेगळ्या रूपात येतं. टीडीएसचं विवरणपत्र तयार करायचं आरपीयू आणि फाइल तपासायचं एफव्हीयू, दोन्ही जावावर चालतात. संगणकावर जुनं जावा असतं, फाइलवर दोनदा टिचकी मारली की उघडते, सगळं सुरळीत. मग घरातला मुलगा कॉलेजसाठी नवं जेडीके टाकतो. नवं जावा टिचकीचा हक्क स्वतःकडे घेतं किंवा तो हक्कच तुटतो, आणि विवरणपत्राच्या आठवड्यात आरपीयू उघडेनासं होतं. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये भरावे लागतात, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. म्हणजे इथे आवृत्त्यांच्या भांडणाला रोजचा भाव आहे.

यावर काहीही काढून टाकू नका. डेस्कटॉपवर एक शॉर्टकट बनवा. त्याच्या टार्गेटमध्ये आधी जुन्या जावाच्या 'बिन' फोल्डरमधल्या 'जावाडब्ल्यू'चा पूर्ण पत्ता, मग '-जार', मग आरपीयूच्या फाइलचा पत्ता. दोन्ही पत्ते अवतरणचिन्हांत घाला, कारण 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये मधे मोकळी जागा आहे. 'स्टार्ट इन'मध्ये आरपीयूचं फोल्डर द्या. त्यानंतर मुलाने जावाच्या आणखी चार आवृत्त्या टाकल्या तरी या शॉर्टकटला फरक पडत नाही.

जावा शिकणाऱ्यांना दोन खुणा उपयोगी पडतील. 'क्लास फाइल व्हर्जन ६५' असा काहीतरी आकडा असलेली चूक आली तर त्यातून ४४ वजा करा : ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे ८. तेवढं किंवा त्याहून नवं जावा हवंय, असं संगणक सांगतोय. दुसरी खूण म्हणजे 'जावा होम' बदलूनही 'जावा -व्हर्जन' जुनंच दाखवत राहतं. मॅव्हन 'जावा होम' बघतं, पण नुसती 'जावा' ही हाक पाथवरून जाते, आणि ऑरॅकलचा इन्स्टॉलर पाथच्या अगदी वर 'जावापाथ' नावाचं आपलं फोल्डर ठेवून जातो. ते खाली सरकवा.

उबुंटूवाल्यांना एकच विनंती : संगणकासोबत आलेल्या पायथनला हात लावू नका. तिथली बरीच साधनं त्याच्यावर उभी आहेत, ते बदललं की टर्मिनल उघडणंही बंद होऊ शकतं. उबुंटू २३.०४ पासून पिप स्वतःच अडवतो आणि 'बाहेरून सांभाळलेलं' असं सांगतो. तो अडसर जबरदस्तीने ओलांडायचा पर्याय इंटरनेटवर सर्रास दिसतो, तो टाळा आणि व्हेन्व्ह बनवा. मॅकवर होमब्रू आणि यूव्ही यांत काम भागतं. नोडसाठी 'एनव्हीएम' आहे, विंडोजवर त्याच नावाचं पण वेगळं साधन घ्यावं लागतं. सगळी फुकट.

लॅपटॉपला रॅम ४ जीबीच असेल तर डॉकरच्या वाटेला जाऊ नका. तो चालवण्यासाठी रॅम विकत घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी गूगल कोलॅब वापरून बघा. ते ब्राउझरमध्ये चालतं, विनाशुल्क सुरू करता येतं आणि तुमच्या संगणकावर काहीच टाकावं लागत नाही. पायथनची आवृत्ती तिथे गूगल ठरवतं, पण कॉलेजच्या बऱ्याचशा प्रोजेक्टांना त्याने अडत नाही.

पैसे द्यावेत असे प्रसंगही आहेत. डिस्क खरोखर भरली असेल किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडीवर केलेला खर्च सत्कारणी लागतो. एखाद्या जाणत्या माणसाला तासाभराचे पैसे देऊन पाथ आणि बिऱ्हाडं लावून घेणंही रास्त आहे, फक्त त्याने काय केलं ते शेजारी बसून बघा आणि लिहून घ्या. विषाणू किंवा डिस्कच्या बिघाडामुळे फॉरमॅट करणं भागच पडलं, तर लॅपटॉप देण्याआधी चार गोष्टी बाहेर काढून ठेवा : प्रत्येक प्रोजेक्टचा कोड, प्रत्येकाच्या पॅकेजांची 'पिप फ्रीज'ने काढलेली यादी, कुठला प्रोजेक्ट कुठल्या आवृत्तीवर चालत होता त्याची नोंद, आणि कार्यालयाचा संगणक असेल तर आरपीयूमध्ये अर्धवट भरलेल्या फाइली. व्हेन्व्हची फोल्डरं सोडून दिली तरी चालतात, ती दहा मिनिटांत पुन्हा उभी राहतात.